मान वर करायला सवड

इस्पितळात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, आणि पाठ वळली की मोजणीबाई. बाईंना हे चांगलं ठाऊक होतं, आणि राग यावा असं त्यात त्यांना काही दिसत नसे. लिफ्टची वाट बघण्यात किती वेळ जातो आणि जिना चढण्यात किती, याचा त्यांनी एकदा आठवडाभर हिशेब ठेवला होता, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत जिनाच परवडतो असा निकाल कुणी न विचारता सगळ्यांना ऐकवला होता. असल्या बाईला लोकांनी दुसरं काय नाव ठेवायचं?

वेळेचं हे वेड घरातूनच आलेलं. त्यांचे वडील बसस्थानकावर घोषणा करत. काचेच्या एका लहानशा खोलीत बसून, कुठली गाडी कुठे लागलीय आणि कधी सुटणार आहे, हे त्यांनी जन्मभर लोकांना सांगितलं. आवाज असा खणखणीत, की बाकावर डुलक्या घेणारी माणसं दचकून उठत आणि गाडी आपली नसली तरी सामान उचलत. घरीही तीच तऱ्हा. ‘जेवण पाच मिनिटांत वाढलं जाईल, सर्वांनी हात धुऊन घ्यावेत,’ हे ते त्याच आवाजात सांगत आणि पोरं हसत हसत धावत.

बाई इस्पितळात लागल्या त्या टायपिस्ट म्हणून. पुढे कॉम्प्युटर आले. बरोबरीच्या बायका त्या यंत्रांकडे जनावराकडे बघावं तशा लांबून बघत होत्या, तेव्हा बाईंनी पुस्तकं आणून वाचली, परीक्षा दिल्या, आणि हळूहळू कॉम्प्युटर विभागात जाऊन बसल्या. आता पन्नाशी उलटली होती. नवीन काही घ्यायचं ठरलं, की ते आधी बाईंकडे यायचं. बाई ते चालवून बघायच्या, मोजायच्या आणि कागदावर मत द्यायच्या. त्यांचं मत सहसा कुणी डावलत नसे.

घरी माणसं तीन. बाई, त्यांचे यजमान आणि बाबा. यजमान शाळेची बस चालवत. स्वभाव बाईंच्या अगदी उलट. पोरगं बूट शोधून खाली येईपर्यंत थांबायचं, रडत असलं तर रडं ओसरेपर्यंत थांबायचं, हेच त्यांचं निम्मं काम. त्यामुळे घाई हा शब्द त्यांच्या गावीच नव्हता.

बाबा वर्षभरापासून लेकीकडे राहायला आले होते. डोक्यात रक्ताची गाठ झाली, त्यातून वाचले, चालायलाही लागले, पण बोलणं मागे राहिलं. शब्द गेले नव्हते. सगळे जागच्या जागी होते, फक्त उशिरा येत. ‘मला’ म्हटल्यावर पुढचा शब्द येईपर्यंत समोरच्याचा जीव टांगणीला लागायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, “घाई करू नका. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. जेवढं बोलतील, तेवढं परत येईल.”

बाईंनी मान डोलावली होती. पण बाबा “मला...” म्हणाले, की बाईंच्या तोंडून आपोआप निघायचं, “चहा? पंखा लावू? चष्मा हवाय?” तिन्हींपैकी एक बरोबर निघायचं, बाबा मान हलवायचे, आणि काम भागायचं. काम भागतंय यात वाईट काय, असं बाईंना वाटे.

त्या वर्षी इस्पितळाने एक मोठा बदल करायचं ठरवलं. दर टेबलावर एकेक कॉम्प्युटर होता, त्यातले निम्मे म्हातारे झालेले. ते काढून टाकायचे. त्यांच्या जागी साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी पेटी आणि पडदा. खरा कॉम्प्युटर तळघरात, मोठ्या यंत्रांच्या कपाटांत. तिथे प्रत्येकासाठी एकेक आभासी टेबल मांडलेलं असणार. नर्स तिसऱ्या मजल्यावर काम अर्धवट सोडून पहिल्यावर आली, कार्ड टेकवलं, की तिचं अर्धवट काम तिथे जसंच्या तसं उघडं. कागदोपत्री याला ‘डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशन’ म्हणत. एवढं लांबलचक कोण म्हणणार? लोकांनी त्याला ‘तळघर’ म्हणायला सुरुवात केली. “तुमच्याकडे तळघर आलं का?” “आमच्याकडे पुढच्या आठवड्यात.”

असं तळघर पुरवणाऱ्या कंपन्या दोन. दोघींना चाचणीसाठी बोलावलं होतं, आणि निवड करायची होती बाईंनी. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते म्हणाले, “बाई, वेग बघा आणि वापरणाऱ्यांना कसं वाटतं ते बघा. उगीच पाल्हाळ नको.”

बाईंनी पाल्हाळ लावला नाही. नोंदणीच्या दोन खिडक्यांपैकी एकीवर पहिली प्रणाली बसवली, दुसरीवर दुसरी. तशाच वॉर्डांत आणि क्ष-किरण विभागात. एक प्रोग्रॅम लावून दिला, तो माणसासारखा टायपिंग करी, पडद्यावरच्या खिडक्या उघडी, चित्रं सरकवी, आणि दर खेपेला किती वेळ लागला ते टिपून ठेवी. बटण दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंतचा वेळ. कार्ड टेकवल्यापासून काम उघडेपर्यंतचा वेळ. शिवाय वापरणाऱ्यांना प्रश्न: वेगवान वाटलं का? चित्र स्पष्ट दिसलं का? पाचपैकी किती गुण द्याल?

तीन आठवड्यांनी आकडे हातात आले, ते स्वच्छ होते. पहिली प्रणाली जवळजवळ सगळीकडे पुढे. सरासरी वेळ कमी, चित्र सरस, आणि लोकांनी दिलेले गुणही जास्त. खिडकीवरच्या जाड चष्म्याच्या मुलीने पहिलीला पाचपैकी चार दिले होते आणि शेजारी लिहिलं होतं, ‘फास्ट आहे.’ क्ष-किरणांचे डॉक्टर तर एवढे खूश, की जिन्यात थांबवून म्हणाले, “हीच घ्या बाई. फोटो सरकवताना पाण्यासारखा सरकतो.”

साहेबांनी जाता जाता विचारलं, “मग? कोण?”

“पहिली,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी ते त्याच दिवशी संचालकबाईंच्या कानावर घातलं. अहवाल तेवढा लिहायचा राहिला.

त्याच आठवड्यात बाबांची तपासणी होती. बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वडिलांना घेऊन, मागच्या दाराने न जाता, सगळ्यांसारख्या पुढच्या दाराने आल्या. इतक्या वर्षांत पुढच्या दालनातल्या बाकावर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. बाक कडक होतं. खिडकी इथून भलतीच उंच दिसत होती.

त्यांचा नंबर आला. काचेमागे तीच चष्मेवाली मुलगी. बाईंना तिने ओळखलंही नाही, कारण तिने वर पाहिलंच नाही.

“नाव?”

बाबांना बाईंनी पुढे केलं होतं. त्यांनी खिडकीच्या कडेला हात टेकवला, ओठ जुळवले आणि नाव सांगितलं. सावकाश, पण स्पष्ट.

मुलीचे डोळे पडद्यावर खिळलेले. “नाव सांगा.”

बाबांनी पुन्हा सुरुवात केली. अर्ध्यात आले होते, तेवढ्यात ती म्हणाली, “जन्मतारीख?” आणि लगेच, “नाव नाही आलं. थांबा जरा. हं, नाव?”

बाबा तिच्या केसांच्या भांगाकडे बघत राहिले. मग वळून लेकीकडे बघत म्हणाले, “तूच... सांग.”

बाईंनी भराभर सगळं सांगून टाकलं. नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन. मुलीने टाइप केलं, चिठ्ठी सरकवली. “दोन नंबरच्या खोलीत.” बाईंनी घड्याळ बघितलं. वेळ काही फार लागला नव्हता. त्यांच्या अहवालात ही खेप उत्तम म्हणून नोंदली गेली असती.

घरी जेवताना बाबांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, “मी...”

“पाणी?” बाई म्हणाल्या.

यजमानांनी टेबलाखालून बाईंच्या पायाला हळूच पाय लावला. यजमान सासऱ्यांकडे बघत बसले, बसच्या दारात पोराची वाट बघावी तसे, चेहऱ्यावर कसलीच घाई नाही.

“मी... सांगत... होतो,” बाबा म्हणाले. “सांगत... होतो मी.”

“हो बाबा,” यजमान म्हणाले, “तुम्ही सांगतच होतात.”

ज्या माणसाचं बोलणं जन्मभर अख्ख्या स्थानकाने कान देऊन ऐकलं, त्याने दोनदा नाव सांगूनही ते कुणी ऐकलं नव्हतं. बाईंना आधी त्या मुलीचा राग आला. मग आठवलं, की मुलीने निदान विचारलं तरी होतं. आत्ता वाक्य तोडून ‘पाणी’ म्हटलं ते आपण. वर्षभर आपण हेच करतोय. भांडी आवरताना त्या यजमानांना म्हणाल्या, “तुम्हाला कसं जमतं हो थांबायला?”

“मला कुठे काही करावं लागतं? ते बोलतात, मी ऐकतो.”

दुसऱ्या दिवशी बाई कामावर लवकर गेल्या आणि आपल्या खोलीत न जाता पुढच्या दालनात बाकावर जाऊन बसल्या. अहवाल लिहायच्या आधी हे एकदा नीट बघायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. इतके दिवस आपण खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो, हे त्यांना कळून चुकलं होतं.

एक नंबरच्या खिडकीवर चष्मेवाली मुलगी, पहिली प्रणाली. दोन नंबरवर सगळ्यांचे लाडके काका, निवृत्तीला टेकलेले, दुसरी प्रणाली. काका प्रत्येक माणसाकडे बघत, विचारत, ऐकत, मग टाइप करत. “जन्मतारीख? अरे वा, मग आपण एकाच वर्षातले. तुमचे केस बरे टिकले!” माणसं हसत पुढे जात. मुलीकडे मात्र एकामागून एक माणसं येत आणि तिच्या भांगाशी बोलून जात.

स्वभावाचा फरक असेल, असं म्हणून विषय सोडता आला असता. पण सोडतील त्या मोजणीबाई कसल्या? दुपारी त्या मुलीजवळ खुर्ची घेऊन बसल्या.

“तू पडद्यावरून नजर का काढत नाहीस गं?”

मुलगी गांगरली. “काम करतेय बाई. काही चुकलं का?”

“चुकलं नाही. नुसतं विचारतेय.”

“काढता येत नाही,” ती म्हणाली. “म्हणजे फास्ट आहे, पण मध्येच अडतं. अडलं की कळत नाही. आपण टाइप करत राहतो आणि मग सगळी अक्षरं एकदम भलत्याच रकान्यात पडतात. मागे एका आजोबांचं नाव पत्त्यात गेलं आणि पत्ता औषधांच्या रकान्यात. केवढी बोलणी खाल्ली मी. तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून बसते.”

“मग पाचपैकी चार गुण कसे दिलेस?”

“तुम्ही विचारलं होतंत, वेगवान वाटलं का. वेगवान तर आहेच.”

बाई परत आल्या आणि त्यांनी सरासरी बाजूला ठेवून एकेक नोंद उघडली. मुलगी म्हणत होती ते तिथे होतं. बहुतेक नोंदी डोळ्याचं पातं लवायच्या आतल्या, आणि मध्येच एखादी दोन-तीन सेकंदांची. तासाला मोजून चार-पाच. हजारो चांगल्या नोंदींत त्या अशा विरघळल्या होत्या, की सरासरीला त्यांची चवही लागली नव्हती. दुसऱ्या प्रणालीत असं नव्हतं. ती सगळीकडे किंचित मंद, पण एकसारखी मंद. किती थांबायचं ते बोटांना ठाऊक झालेलं असायचं, आणि तेवढ्या वेळात माणूस मान वर करून समोरच्याकडे बघू शकायचा. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. अडणाऱ्या पडद्यासमोर बसलेला माणूस न अडणारा वेळही पहारा देण्यातच घालवणार.

तरीही हा स्वभावाचा खेळ नसेलच कशावरून? म्हणून त्यांनी दोन्ही खिडक्यांवरच्या प्रणाली अदलाबदल केल्या, कुणाला काही न सांगता. आणि चार दिवस दालनात बसून एकच गोष्ट मोजली: एका माणसाची नोंद होईपर्यंत खिडकीमागची मान किती वेळा वर होते.

पहिल्याच दिवशी काकांचे विनोद आटले. दुसऱ्या दिवशी ते पडद्याकडे असे बघत होते, जणू तो पळून जाणार आहे. एका ओळखीच्या माणसाने “काय काका, आज मौनव्रत?” असं विचारलं, तर काका वर न बघता म्हणाले, “थांबा हो, हे घोडं पेंड खातंय.” शेजारी चष्मेवाली मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी हळूच वर बघायला लागली. तिसऱ्या दिवशी एका बाळाला तिने जीभ काढून दाखवली.

चौथ्या दिवशी बाबांना रक्त तपासायला यायचं होतं. यजमानांची बस होती, म्हणून बाईच त्यांना घेऊन खिडकीशी गेल्या.

“नाव?” मुलगी म्हणाली आणि वर बघितलं.

बाबांनी ओठ जुळवले. बाईंच्या जिभेवर नाव येऊन बसलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. पर्स धरलेला हात दुखायला लागला. कधी नव्हे ते त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. मुलगी बाबांच्या तोंडाकडे बघत थांबली होती, बोटं बटणांवर, पण नजर इकडे. बाबांनी नाव सांगितलं. जन्मतारीख सांगितली, महिना चुकला, स्वतःच मान हलवून दुरुस्त केला. पत्ता सांगायला सर्वांत वेळ लागला. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

“झालं आजोबा,” मुलगी म्हणाली. “आवाज छान आहे हो तुमचा.”

बाबा खिडकीपासून बाजूला झाले. चार पावलं चालून थांबले. बाईंनी “काय झालं?” असं विचारलं नाही. थांबल्या.

“तिला... कान... आहेत,” बाबा म्हणाले.

आता प्रश्न साहेबांचा होता. बाईंनी जाऊन सांगितलं, की पहिली म्हणाले होते, ते मागे घेते. साहेबांच्या कपाळावर आठी उमटली.

“बाई, मी वर शब्द दिलाय. आता फिरवू? मला तोंडघशी पाडता?”

“तुम्ही माझ्या भरवशावर दिलात. बैठकीत मीच सांगते, चूक माझी.”

“आणि कारण काय सांगणार? मान वर होत नाही?”

“हो. तेच.”

बैठकीत संचालकबाई होत्या, साहेब, क्ष-किरणांचे डॉक्टर आणि पहिल्या कंपनीचा तरुण इंजिनिअर. बाईंनी सरासरीचा तक्ता दाखवला, मग अडखळींचा, आणि शेवटी मान वर होण्याचा. डॉक्टर हसले. “बाई, मान किती वेळा वर झाली हा काय मोजायचा विषय आहे? उद्या शिंका मोजाल.”

“शिंकांनी काम अडत नाही डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “याने अडतं.”

“काय अडतं?” संचालकबाईंनी विचारलं. त्या हसत नव्हत्या. “मान वर न करता नोंद बरोबर होत असेल, तर आपलं नुकसान काय?”

वडिलांची गोष्ट सांगावी, असं क्षणभर बाईंच्या मनात आलं. पण ती या टेबलावर मांडायची गोष्ट नव्हती. “नोंद बरोबर होते की नाही, ते मी अजून मोजलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “माणूस न बघता लिहिलेल्या नोंदीत चुका जास्त असाव्यात असं मला वाटतं. पण ते नुसतं वाटणं आहे.”

साहेब छताकडे बघत होते.

“मग मोजा,” संचालकबाई म्हणाल्या. “एक महिना घ्या.”

इंजिनिअर बाहेर बाईंना भेटला. चिडलेला होता. “सरासरीत आम्ही पुढे आहोत बाई. जगात सगळे सरासरीच बघतात.”

“तू इथे बाकावर माझ्याशेजारी तासभर बसशील का?” बाईंनी विचारलं.

बसला. पोरगा वाईट नव्हता. तासाभराने उठला तो थेट तळघरात गेला आणि दोन दिवस वर आला नाही. अडखळीचं मूळ त्याला सापडलं. सगळ्यांच्या फायली एकाच साठवणीत होत्या, आणि तिची नक्कल काढायचं काम ऐन गर्दीच्या वेळी चालू होई. ते त्याने वेळ बदलून बसवलं. अडखळी निम्म्याहून कमी झाल्या. पण पुरत्या गेल्या नाहीत, आणि काका म्हणाले, “निम्मी अडते म्हणजे कधी अडेल ते आता आणखीच कळत नाही.”

महिन्याने चुकांचे आकडे आले. दुसऱ्या प्रणालीवर नंतर दुरुस्त कराव्या लागलेल्या नोंदी कमी होत्या. फार कमी नाही, पण कमी होत्या. बाईंनी तेवढंच लिहिलं, एक शब्द वाढवून नाही. संचालकबाईंनी निर्णय दिला: खिडक्यांवर आणि वॉर्डांत दुसरी, क्ष-किरण विभागाला त्यांचे स्वतंत्र कॉम्प्युटर तसेच. डॉक्टरांना पाण्यासारखं सरकणारं चित्र मिळालं नाही, ते काही महिने बाईंना बघून जिना बदलत. साहेबही बरेच दिवस कामापुरतंच बोलले. बाईंना याचं वाईट वाटलं, पण झोप उडाली नाही.

घरी बदल व्हायला जास्त वेळ लागला. वाक्य तोडायची सवय जाता जात नाही. बाबांनी “मला...” म्हटलं, की बाई ओठांवर बोट ठेवत, स्वतःच्याच, आणि यजमान हसत. कधी चुकून शब्द निसटायचाच. पण पुष्कळदा त्या थांबत, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बाबांना चहा, पंखा, चष्मा यांपैकी काही नकोच असतं. एकदा त्यांनी “मला...” म्हणून पुढे सांगितलं, की बसस्थानकावर त्यांच्या शेजारी बसणारा तिकीट खिडकीवरचा मित्र काल स्वप्नात आला होता आणि त्याचे दात नवे होते. वर्षभर असल्या किती गोष्टी आपण चहा देऊन बंद केल्या असतील, याचा हिशेब बाईंनी लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

नवं तळघर बसून सहा-सात महिने झाले असतील. एक दिवस सकाळी, ऐन गर्दीत, तळघरातली वीज गेली. राखीव वीज यायला हवी होती, आली नाही. वॉर्डांत, खिडक्यांवर, सगळीकडे पडदे काळे. जुने कॉम्प्युटर असते तर दोन-चार तरी चालले असते. आता सगळं एकदम बंद. “मोजणीबाईंचं तळघर बुडालं!” असं कुणीतरी कॉरिडॉरमध्ये ओरडलंही. साहेब धावत खाली गेले. जाता जाता बाईंकडे असं बघितलं, की बोलायची गरज उरली नाही. बाईंनी ते निमूट घेतलं. आपण निवडलेली वस्तू कधी बुडणारच नाही, असं त्यांनी कुठेही लिहिलं नव्हतं, पण आज ते सांगण्यात अर्थ नव्हता.

खाली तारा जोडायला माणसं पुरेशी होती. वर दालनात मात्र रांग दारापर्यंत गेली होती. बाईंनी कपाटातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला, मधोमध एक टेबल ओढलं आणि तिसरी खिडकी उघडली, जिला काच नव्हती.

पहिली आली ती एक म्हातारी. काठी टेबलाला टेकवून ठेवायलाच तिला वेळ लागला.

“नाव सांगा आजी.”

“कुठलं सांगू?” म्हातारी म्हणाली. “माहेरचं एक, सासरचं एक. आणि इथे मागच्या खेपेला तिसरंच लिहिलंय. ते कसं झालं ते सांगते. तुला वेळ आहे का पोरी?”

रांगेतून कुणीतरी सुस्कारा सोडला. बाईंनी कागद सरळ केला आणि पेन खाली ठेवलं.

“सांगा,” त्या म्हणाल्या.